गोधडीवर मशीनच्या नक्षी-टाक्यांनी उठाव कसा आणायचा?

कृष्णाकाठ
६० बाय ९० इंचाची गोधडी शिवायला घ्यायची आहे. वर सुती तुकडे आणि अधूनमधून खणाच्या पट्ट्या, आत दोन जुन्या सुती साड्या, खाली मांजरपाट. मशीन घरगुती झिगझॅगचं, पंधराएक नक्षी-टाके, रुंदी जास्तीत जास्त ५ मिमी. हाताच्या धावदोऱ्याने जो बारीक सुरकुतलेला पोत येतो तो मशीनवर आणायचाय. नक्षी-टाक्यांनी त्याच्या पुढे जाता आलं तर उत्तमच.
नमुन्याच्या तुकड्यावर भरीव टाका (दाट झिगझॅग) घातला की ओळ पट्टीसारखी कडक होते आणि दोन्ही बाजूंचं कापड गोळा होतं. पानाफुलांचे टाके खणावर दिसतच नाहीत. तर टाके आधी वरच्या कापडावर घालून मग थर जोडायचे, की सगळे थर एकत्र करून? कोणते टाके, किती अंतरावर, कोणता दोरा?
"हातानेच शीव" हा सल्ला घरात रोज फुकट मिळतो, तो सोडून बोला :)

टाचणी
हातानेच शिवा.
(पळते)

पेठेतला_शिंपी
कापड गोळा होतंय त्याचं कारण आधी बघू. भरीव टाक्यात सुई डावी-उजवी मारताना दर फेरीला दोरा दोन्ही कडांना आत ओढतो. लांबी ०.४ मिमी ठेवली तर एका मीटरमध्ये २५०० फेऱ्या होतात. वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) साध्या शिलाईचंच, म्हणजे ४ वर असेल, तर कापडाला आत सरकण्यावाचून पर्याय नाही. टेन्शन २ ते २.५ वर आणा. वरचा दोरा खालच्या बाजूला किंचित दिसायला हवा, बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा मात्र वर अजिबात दिसता कामा नये. रुंदी ५ वरून ३ करा, लांबी ०.५ करा. ५ मिमी रुंद टाका नुसत्या वरच्या कापडावर घालायचा तर खाली कागद किंवा न विणलेलं पेस्टिंग (ताठपणा देणारं अस्तर) लागतंच.
दुसरं म्हणजे फूट, सुईजवळ कापड दाबून धरतो तो. साध्या फुटाचा तळ सपाट असतो. भरीव टाक्याची जाडी त्याखाली अडकते, कापड पुढे सरकत नाही आणि टाके एकावर एक चढून गाठ होते. मशीनसोबत सॅटिन फूट आला असेल, तळाला रुंद खाच असलेला, तो लावा. बरेच जण तो डब्यातून बाहेरच काढत नाहीत.

वाईकरीण
शिंपीभाऊंचं टेन्शनचं गणित बरोबर आहे. पण उठाव टाक्याने येत नाही, दोन ओळींमध्ये जी जागा मोकळी सुटते तिच्याने येतो. टाका दरी पाडतो, फुगवटा मधल्या कापडाचा. म्हणून पहिला निर्णय टाक्याचा नाही, आत काय घालायचं आणि अंतर किती ठेवायचं याचा.
दोन जुन्या साड्यांना उंची जवळजवळ नसतेच. त्यावर चार इंचांच्या चौकटी मारल्या तर गोधडी सपाटच राहणार, टाका कितीही नक्षीचा असो. साड्यांच्या भरणाला ओळी अर्ध्या ते एक इंचावर हव्यात. फायबरची शीट घातली तर उलट, तीन-चार इंचांवरही फुगवटा राहतो. त्यात इंचाइंचावर ओळी मारल्या की उंची दबते आणि ऊबही जाते, कारण ऊब धरते ती आतली हवा.
आणि गोळा होणारं प्रत्येक कापड वाईट नसतं. हाताच्या गोधडीवरच्या सुरकुत्या म्हणजे कापड गोळा होणंच, फक्त सगळीकडे सारखं. तुम्हाला ते एका ओळीजवळ नको आहे, पूर्ण अंगावर हवं आहे.

माणदेशी
वाईकरीणताईंना पुढे जोडतो. सारखा सुरकुतलेला पोत हवा असेल तर धुण्याने येऊ द्या. आतल्या साड्या शेकडो वेळा धुतलेल्या, त्या आता आटणार नाहीत. वरचं कापडही धुतलेलं असेल तर गोधडी इस्त्रीच्या कापडासारखी पडून राहते. त्या दोन साड्यांच्या मध्ये कोऱ्या, न धुतलेल्या मांजरपाटाचा एक थर घाला. शिवून झाल्यावर गोधडी गरम पाण्यात भिजवली की तो थर आटतो आणि टाक्यांनी बांधलेल्या बाकीच्या थरांना सोबत ओढतो. ते आटत नसल्यामुळे त्यांना जागा कमी पडते आणि दोन ओळींच्या मध्ये ते उचलले जातात. हाच तुमचा दाणेदार पोत.
याच्या उलट झालं तर पंचाईत. वरचं कापड कोरं आणि आतलं जुनं असेल तर वरचं ताणलं जातं, सुरकुत्या खालच्या बाजूला जातात. म्हणून वरचे तुकडे आणि खण आधी धुवून घ्या. खणाचा रंग सुटतो का तेही तेव्हाच कळेल.

कृष्णाकाठ
हे कुणी सांगितलंच नव्हतं! मग खालचं मांजरपाट धुवायचं की कोरंच ठेवायचं? आणि कोरा थर किती आटेल हे आधी कसं कळणार?

माणदेशी
त्याच थानातला २० इंचांचा चौकोन कापा, चारी बाजू मोजून पेन्सिलने खुणा करा, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा, सावलीत वाळवा, पुन्हा मोजा. २० चे १९ झाले तर ५ टक्के. कोरं कापड उभ्या दोऱ्यात जास्त आटतं, आडव्यात कमी, त्यामुळे दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. उभा आट ५ टक्के धरला तर ९० इंचांची गोधडी ८५-८६ वर येते. तयार माप ९० हवं असेल तर कापतानाच ९५ धरा. खालचं मांजरपाट धुवून घ्या. तेही कोरं ठेवलं तर ओढ दुप्पट होते आणि टाके फार जवळ असतील तर गोधडी नुसती कडक होते, सुरकुतत नाही.
इचलकरंजी-विट्याकडच्या कोऱ्या कापडाला खळ असते. थोडा आट खळ निघाल्याचाही असतो. भिजवताना पाणी पांढुरकं झालं तर घाबरू नका.

सुताचा_गुंता
म्हणजे आम्ही इतकी वर्षं "आटलं, आटलं" म्हणून दुकानदाराशी भांडलो ते कापड फुकटात टेक्श्चर देत होतं होय.

रिंगवाला
टाक्यांकडे येतो. साध्या मशीनच्या नक्षी-टाक्यांत गोधडीसाठी सगळ्यात कामाचा म्हणजे तीन टाक्यांची झिगझॅग, जी इलॅस्टिक लावायला वापरतात. रुंदी ५, लांबी १.२ ते १.५. भरीव टाक्यासारखी ती एका उडीत ५ मिमी ओढत नाही, तीन लहान उड्यांत जाते, म्हणून कापड गोळा होत नाही आणि ओळ मऊ राहते. ओळ पाव इंच वाकडी गेली तरी डोळ्याला लागत नाही, लाटेत खपून जाते. पाऊण इंचावर अशा समांतर ओळी मारल्या की धुतल्यावर पाण्यावर आलेल्या लाटांसारखा पोत येतो.
पिसाचा टाका पण चांगला, पण तो मागे-पुढे चालतो. कापड मागे ओढताना तीन-चार थर जागेवरून हलतात आणि नक्षीचा डावा भाग उजव्याशी जुळत नाही. तो घालायचा तर एकेरी कापडावर, खाली पेस्टिंग लावून. मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीच्या टाक्याचंही तेच.
नियम सरळ आहे. ज्या टाक्यात मशीन फक्त पुढे जातं तो सगळ्या थरांतून, ज्यात मागे येतं तो आधी वरच्या कापडावर.

पेठेतला_शिंपी
रिंगवालेंचा नियम मान्य, एक दुरुस्ती. आधी वरच्या कापडावर नक्षी-टाका घातलेल्या पट्ट्या थर जोडल्यावर पुन्हा शिवाव्या लागतातच, नाहीतर त्या भागात आतलं भरण सुटं राहतं आणि दोन धुण्यांत एका कोपऱ्यात जमा होतं. म्हणून नक्षीच्या दोन्ही कडांना लागून एकेक साधी टीप सगळ्या थरांतून घ्या. त्या टिपेमुळे मधली नक्षी वर उचलली जाते. नक्षीपासून लांब गेलात तर हा परिणाम कमी होतो.

हळदीची_पेठ
वॉकिंग फूट घ्यावाच का? मशीनच्या किमतीचा दहावा भाग मागतात काही ठिकाणी.

रिंगवाला
चार थर आणि लांब सरळ ओळी असतील तर घ्या. खालचे दाते फक्त तळाचं कापड ओढतात, वरचं कापड फुटाच्या घर्षणाने मागे राहतं. ९० इंचांच्या ओळीत शेवटी अर्धा इंच वरचं कापड शिल्लक उरतं आणि कडेला चुणी पडते. वॉकिंग फुटाला वरूनही दाते असतात म्हणून दोन्ही थर एकत्र चालतात. पण लक्षात ठेवा, मागे येणाऱ्या टाक्यांना तो लावू नका. लाटेच्या, झिगझॅगच्या टाक्यांना चालतो. घेताना शँक (फूट बसतो तो दांडा) बघा. घरगुती मशीनला बहुतेक लो शँक लागतो. सुईचा स्क्रू फुटाच्या काट्यात नीट बसतो का ते दुकानातच हाताने चाक फिरवून तपासा.

वाईकरीण
वॉकिंग फूट नसेल तर फुटाचा दाब कमी करा, ओळी मध्यापासून बाहेर घ्या आणि सगळ्या ओळी एकाच दिशेने मारा. एक वरून खाली, पुढची खालून वर असं केलं की दोन ओळींमधलं कापड तिरपं ओढलं जातं आणि तिरक्या सुरकुत्या पडतात. धुतल्यावर त्या जात नाहीत, उलट पक्क्या होतात. वेळ वाचवायला सगळे हेच करतात आणि मग दोष मशीनला.

टाचणी
पिना किती अंतरावर? मी टाचणी असले तरी गोधडीत सेफ्टी पिनच बरी :)

वाईकरीण
चार इंचांवर, म्हणजे हात ठेवला की कुठेही एक पिन हाताखाली आलीच पाहिजे. पिना मारायच्या आधी वरच्या आणि खालच्या कापडाला साबुदाण्याची खळ द्या, दोन चमचे साबुदाणा लिटरभर पाण्यात शिजवून, गाळून. इस्त्री केली की कापड ताठ होतं आणि सरकणं कमी होतं. शिवून झाल्यावर खळ पूर्ण धुवून काढायची, नाहीतर पावसाळ्यात कसर लागते. माणदेशींच्या पद्धतीत गोधडी भिजवायचीच आहे, तेव्हा दोन्ही कामं एकदम. आतल्या कोऱ्या थराला मात्र यात ओढू नका, तो भिजवला की आट तिथेच संपला.

दोऱ्याचा_डबा
दोऱ्यावर कुणी बोलत नाहीये. भरतकामाचा चकचकीत रेयॉन दोरा गोधडीला वापरू नका. ओला झाला की रेयॉनची ताकद बरीच कमी होते, आणि आपल्याकडे गोधड्या धुतात कशा? घटस्थापनेच्या आधी कृष्णेवर नाहीतर हौदावर, आपटून. भरीव टाक्याचे दोरे आधी तुटतात, मग ओळ झिरमिळ्या सोडते. ट्रायलोबल पॉलिस्टर घ्या. चमक जवळपास तीच, ओलं झाल्यावर कमकुवत होत नाही. बॉबिनमध्ये बारीक पॉलिस्टर, वरच्याइतका जाड नको.
जरीचा दोरा घालायचाच असेल तर मोठ्या नेढ्याची टॉपस्टिच सुई ९०/१४, टेन्शन १ ते २, वेग अगदी कमी. आणि तो वरच्या कापडावरच, थरांतून नाही.

गणपतीपेठ_४१६४१६
रेयॉनचं पटलं, पण सगळ्या गोधड्या नदीवर जात नाहीत हो. भिंतीवर टांगायची किंवा दिवाणावर टाकायची असेल तर रेयॉनच्या चमकेला तोड नाही. वापर बघून ठरवा.

दोऱ्याचा_डबा
दिवाणावर टाकलेली गोधडी दिवाळीनंतर पाहुण्यांच्या अंगावर असते. तेवढं धरून चाला.

आणि कृष्णाकाठ यांच्या खणाबद्दल. खणाला स्वतःचीच इतकी बारीक नक्षी असते की तिच्यावर दुसरी नक्षी दिसणारच नाही. खणावर साधी टीप, पट्टीच्या कडेने. नक्षी-टाके एकरंगी कापडावर. दोऱ्याचा रंग कापडाच्या रंगाचाच घ्या, फार तर एक छटा गडद. विरुद्ध रंग घेतला की डोळ्याला रेघ दिसते, पोत दिसत नाही. त्याच रंगाचा दोरा असला की फक्त सावली दिसते आणि तीच हवी आहे. खिडकीजवळ आडव्या उजेडात धरून बघा, फरक लगेच कळेल.

कृष्णाकाठ
मग हाताच्या धावदोऱ्यासारखी ठळक, जाड दोऱ्याची ओळ मशीनने शक्यच नाही का? सुईत जाड दोरा घातला की तुटतो.

पेठेतला_शिंपी
सुईत घालू नका, बॉबिनमध्ये घाला. या चर्चेत अजून हे आलं नाही याचंच आश्चर्य वाटत होतं.
पर्ल कॉटन (भरतकामाचा जाड सुती दोरा) ८ नंबर घ्या. बॉबिनवर मशीनने न भरता हाताने, हळू, सैल भरा. बॉबिन केसचा (बॉबिन बसते त्या डबीचा) स्क्रू सैल करायचा, पण त्यासाठी दुसरी केस विकत घेऊन ठेवा, रोजची केस बिघडवू नका. पाव आटा (पाव फेरा) सैल करा, दोरा धरून केस लोंबकळवली तर ती अलगद खाली घसरत गेली पाहिजे. दोरा जाड असल्याने पाव आट्याने भागत नाही, अर्धाही लागतो. स्क्रू पूर्ण बाहेर पडेल इतका फिरवू नका. तो जमिनीवर पडला की सापडत नाही हे सर्वांना माहीत आहे.
आता गोधडी उलटी ठेवून शिवायची. जाड दोरा खाली, म्हणजे गोधडीच्या दर्शनी बाजूला. वर बारीक पॉलिस्टर, टेन्शन नेहमीपेक्षा अर्ध्याने जास्त, टाक्याची लांबी ४ मिमी, साधी टीप. ओळींच्या खुणा खालच्या मांजरपाटावर करा, कारण शिवताना तीच बाजू दिसते. पिनाही त्याच बाजूने लावा. दर ४ मिमीला बारीक दोरा जाड दोऱ्याला खाली ओढतो, मधे तो फुगून राहतो. दर्शनी बाजूला मण्यांच्या माळेसारखी ठसठशीत ओळ येते. हाताच्या धावदोऱ्याची हुबेहूब नक्कल नाही, कारण त्यात दोरा एक टाका वर, एक टाका आत असतो आणि इथे अखंड वर. पण उठाव जास्त.
सुरुवात-शेवट उलटी टीप मारून करू नका, गाठीचा गोळा होतो. दोन्ही टोकं बोटभर ठेवा, जाड दोरा हातसुईने आत ओवा. एक बॉबिन फार थोडा दोरा घेते. ९० इंचांची पूर्ण ओळ निघेल की नाही हे आधी चिंधीवर बघा. ओळीच्या मधेच संपली की जोड दिसतो.

सुताचा_गुंता
स्क्रू सापडत नाही +१. तो झुरळं नेतात.

माणदेशी
बॉबिनची पद्धत उत्तम, पण सगळ्या गोधडीवर नको, दमाल. दर पाचवी-सहावी ओळ जाड, बाकी तीन टाक्यांची झिगझॅग, असं केलं की दोन पोत शेजारी येतात आणि दोघेही उठून दिसतात.

वडूजची_वाकळ
काळ्या मशीनवाल्यांनी काय करायचं? त्यावर झिगझॅग नाही. जोडसुई लावून समांतर ओळी होतील का?

रिंगवाला
जोडसुई लावू नका. साध्या मशीनच्या प्लेटला एक गोल भोक असतं, दोन सुया त्यात जातच नाहीत, पहिल्याच फेरीला तुटतात. शिवाय काळ्या मशीनमध्ये सुई बाजूने ओवतात, जोडसुईला समोरून ओवणं लागतं.
पण काळ्या मशीनवर बॉबिनची वरची युक्ती चालते, तिची केस बाहेर निघते म्हणून उलट सोपं. आणि मोकळ्या हाताने भरतकाम तर यावरच होतं. दात्यांवर प्लेट लावा किंवा दाते खाली करा. मात्र रिंग लावून, फूट काढून जे एकेरी कापडावर करतात ते गोधडीवर करू नका. चार थर सुईसोबत वर उचलले जातात आणि टाके सुटतात. स्प्रिंगचा डार्निंग फूट लावा, लो शँकचा बसतो. फूट सुई खाली असताना कापड दाबून धरतो, सुई वर आली की सोडतो. त्याने गोलगोल, दगडगोट्यांसारखी दाट नक्षी शेजारी केली आणि मधे एखादं पान न शिवता सोडलं तर पान वर येतं. उठाव हवा तिथे शिवू नका, आजूबाजूला शिवा.

कृष्णाकाठ
नमुने केले, १२ इंचांचे तीन. कोरा थर घातलेला, तीन टाक्यांची झिगझॅग पाऊण इंचावर: धुतल्यावर छान सुरकुतला, ११.५ झाला. त्याच अंतरावर साधी टीप: सुरकुत्या जास्त टोकदार, पण ओळ जिथे जरा वाकली तिथे लगेच दिसते. तिसरा कोऱ्या थराशिवाय: सपाट. म्हणजे माणदेशींचा थर हवाच.
आता एकच. साडीच्या काठापाशी सुई दोनदा तुटली. आणि झिगझॅगला दोरा किती लागेल?

पेठेतला_शिंपी
काठ कापून टाका, निदान जरीचा भाग. काठ जिथे एकमेकांवर येतात तिथे चार थरांचे सहा-सात होतात. बाकीसाठी जाड सुई, १००/१६ नंबरची, ९०/१४ नाही. दुसरी गोष्ट, फूट जाडीवर चढताना पुढे उचलला जातो आणि सुई तिरपी प्लेटवर आपटते. चढाच्या आधी फुटाच्या मागे घडी केलेला पुठ्ठा ठेवा, फूट सपाट राहतो.
दोऱ्याचा हिशेब भरीव टाक्याचा सांगतो, त्यावरून बाकीचा कळेल. ४ मिमी रुंद, ०.४ लांबीच्या टाक्याला मीटरमागे वरचा दोरा साधारण १० मीटर. ६० इंचांत चार-चार इंचांवर १४ ओळी, एकेक ९० इंचांची, म्हणजे एकूण ३२ मीटर शिलाई. म्हणजे फक्त वरचा दोरा ३२० मीटर. तीन टाक्यांच्या झिगझॅगला याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी लागतो, पण तुमच्या ओळी पाऊण इंचावर, म्हणजे ७९, १८० मीटर शिलाई. एकाच रंगाचे दोन मोठे कोन एकाच वेळी घ्या. नंतर आणलेल्या लॉटची छटा जुळत नाही.

वाईकरीण
७९ ओळींत मधल्या ओळीपासून सुरुवात, एकदा डावीकडे पाच, मग उजवीकडे पाच. एका बाजूचं सगळं संपवून दुसरी घेऊ नका. दर ओळीच्या सुरुवातीला बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या आणि दोन्ही दोरे फुटामागे धरून पहिले तीन टाके घ्या. खाली दोऱ्याचं घरटं होतं ते याच तीन टाक्यांत.

हळदीची_पेठ
पिकोच्या मशीनवर झिगझॅग होईल ना? कोपऱ्यावरच्या पिकोवाल्याला देता आलं असतं.

रिंगवाला
होते, रुंदी-लांबी बदलता येते. पण फुटाखाली जागा कमी, चार थरांची गुंडाळी बाहीत बसत नाही आणि तिथे दाब साडीचा लावलेला असतो. फक्त वरच्या कापडाच्या पट्ट्यांना भरीव टाका हवा असेल तर पिकोवाला बरा, झटपट करतो. थरांचं काम घरीच.

दोऱ्याचा_डबा
गोट लावायच्या आधी भिजवायची की नंतर, हे राहिलं. नंतर. गोटाचं कापड धुतलेलं घ्या, अडीच इंचांची पट्टी दुमडून, आणि लावताना गोधडीची कड अजिबात ताणू नका. आधी भिजवली तर सुरकुतलेली कड मोजून सरळ कापणं जमत नाही, चारी बाजू वेगळ्या येतात. गोट लावून भिजवली की कडही गोधडीसोबतच आत येते. फार पिळू नका, सपाट पसरून वाळत घाला. दोरीवर टाकली की ओल्या वजनाने मधून लांबते.